पद्माक्कांचं निम्मं

सांगलीच्या मार्केट यार्डात बेदाण्याचा सौदा सुरू व्हायच्या आधी पद्माक्का पिशवीतून एक जुनं लुगडं काढायच्या, दोनदा झटकायच्या आणि आमच्या पेट्यांच्या खाली फरशीवर अंथरायच्या. लुगडं जांभळ्या रंगाचं होतं, किंवा कधीकाळी असावं. चार कोपऱ्यांवर चार पेट्या ठेवून त्या कमरेवर हात देऊन उभ्या राहायच्या. नवा माणूस विचारायचा, म्हातारी इथं जेवायला बसणार आहे की काय?

ज्यांनी बेदाण्याचा सौदा पाहिला नाही त्यांना हे सांगायला हवं. नमुन्याची पेटी उघडी असते. खरेदीदार येतो, मूठ भरून घेतो, दोन दाणे तोंडात टाकतो, आणि उरलेले हवेत उडवतो किंवा उंचावरून सोडतो. म्हणे रंग कळतो, चिकटपणा कळतो. मग दुसरा येतो, त्यालाही तेच कळून घ्यायचं असतं. दुपारपर्यंत फरशीवर बेदाण्याचा चिखल होतो, माणसं त्यावरून चपला घालून फिरतात, आणि ज्याने ते घड बारा महिने लेकरासारखे जपले तो शेतकरी बाजूला उभा राहून हसल्यासारखं करतो. कारण भाव अजून निघायचा असतो. संध्याकाळी सगळं झाडून पोत्यात भरतात. ते पोतं शेतकऱ्याचं नसतं.

पद्माक्कांच्या लुगड्यावर पडलेला दाणा पेटीत परत जायचा. मोतीशेठ म्हणून एक जुने खरेदीदार होते, स्वभावाने वाईट नव्हते, पण उधळण्यात त्यांचा हात कुणी धरला नसता. पहिल्यांदा लुगडं पाहिलं तेव्हा ते म्हणाले, अक्का, एवढ्याशा दाण्यासाठी यार्डाची शोभा कशाला घालवता. पद्माक्का म्हणाल्या, "शेठ, तुमच्या दुकानात येऊन मी मूठभर नोटा उडवून बगू का, खऱ्या हायत का खोट्या?" आजूबाजूचे हसले. मोतीशेठही हसले, पण त्यांनी मूठ जरा खाली धरली.

मी औंधची. यमाईच्या डोंगराखाली वाढले आणि लग्न होऊन कवठे महांकाळ तालुक्यातल्या या गावात आले. पद्माक्कांचं घर आमच्या बांधाला लागून. त्या जैन, माहेर जतच्याही पलीकडे, कर्नाटकाच्या हद्दीला चिकटलेलं, त्यामुळे राग आला किंवा माया दाटली की बोलण्यात कानडी उतरायचं. मला त्यांनी पहिल्याच आठवड्यात औंधकरीण करून टाकलं आणि शेवटपर्यंत माझं नाव घेतलं नाही. त्यांचे यजमान आप्पा, हे जगातलं सर्वांत कमी बोलणारं माणूस. गावात म्हणायचे की लग्नात अंतरपाटाच्या वेळी दोघांच्या वाटणीचं बोलणं अक्कांकडेच गेलं. आप्पांना हे ऐकवलं तर तेही मान डोलवायचे.

दिवस मावळायच्या आत जेवायचं हा त्यांचा नेम, आणि तो मोडायला त्यांनी कुणालाच सवड दिली नाही. सौदा रंगात आला असो, बँकेचा साहेब समोर बसलेला असो, ऊन कलायला लागलं की त्या पेटीवर बसून भाकरीचं फडकं सोडायच्या. एकदा बाहेरदेशी माल पाठवणाऱ्या कंपनीचा माणूस आमच्या शेडवर आला होता. दराची ओढाताण चालली होती, तो म्हणाला, शेवटचं सांगा. पद्माक्का म्हणाल्या, "शेवटचं जेवल्यावर सांगते. सूर्य तुमच्यासाठी थांबायचा न्हाई." बिचारा त्यांची भाकरी संपेपर्यंत ताटकळला, आणि मधल्या वेळात स्वतःच थोडा वर चढला. मला आजही वाटतं की त्या नेमात धर्म बारा आणे आणि व्यवहार चार आणे होता.

नको म्हणायचं असलं की त्या "बेड" म्हणायच्या, कानडीतलं. समोरचा रेटायला लागला की "बेड म्हंजे बेड." त्यापुढे बोलणं संपलं. आप्पा, मी, गटातले पुरुष, सगळ्यांनी हे कधी ना कधी ऐकलेलं होतं.

गट त्यांनीच उभा केला. आमच्याकडं प्रत्येकाची बाग वेगळी, शेड वेगळं, आणि सौद्यात प्रत्येक जण एकटा. पद्माक्कांनी घरोघरी जाऊन सामायिक शेड बांधायला लावलं. मी बी. कॉम. झालेली म्हणून मला चिटणीस केलं, मला विचारलं वगैरे नाही. गट झाल्यावर त्यांनी बाहेरच्या बाजाराचा विषय काढला. आपल्याकडं बेदाणा हिरवा-पिवळा लागतो, दिवाळीच्या मिठाईत, शिऱ्यात, पुलावात तोच शोभतो. तो रंग येण्यासाठी वाळल्यावर माल बंद खोलीत ठेवून गंधकाची धुरी देतात. बाहेरच्या देशांतल्या काही गिऱ्हाइकांना नेमकी ती धुरी चालत नाही. त्यांना तपकिरी, जसा वाळला तसा माल हवा. तेव्हा बाहेर पाठवायचं तर धुरी द्यायची नाही, आणि धुरी दिली नाही तर इथं त्याला काळा माल म्हणून नाक मुरडतात. एकदा वाट धरली की मागं फिरता येत नाही.

पुरुष घाबरत होते. संतोष तेवढा एकटा उत्साहात होता. तो तरुण, बारा-पंधरा वर्षं वडिलांच्या हाताखाली बाग केलेला, मोबाइलवर जगभरचे भाव बघणारा. पद्माक्का म्हणाल्या, "यार्डात घेणारी माणसं किती, ती सगळी येकमेकांच्या सोयरिकीतली. त्यांनी सकाळी चहाच्या टपरीवर ठरवलं की झालं. आपल्याला तिसरीकडनं कुणी तरी विचारणारा पायजे. तो विचारतोय एवढं कळलं तरी हे नीट बोलतील." आणि तसंच झालं. पहिल्या वर्षी थोडा माल बाहेर गेला. दुसऱ्या कुठल्याशा देशात थंडीने द्राक्षं करपली होती, त्यामुळे दर असा लागला की गावात बेदाणा वाळवायच्या नव्या रॅकची कामं निघाली. सांगलीचे खरेदीदारही शेडवर येऊन चहा प्यायला लागले.

पुढच्या हंगामात पद्माक्कांनीच ठरवलं, सगळा माल बिनधुरीचा. कोणी दबक्या आवाजात म्हणालं की थोडा इथल्यासाठी ठेवू. त्या म्हणाल्या, बेड. सगळा माल तपकिरी झाला, पेट्या भरल्या, कोल्ड स्टोरेजला रचल्या, आणि आम्ही कंटेनरची वाट बघत बसलो.

कंटेनर आला नाही. कंपनीच्या माणसाने आधी फोन उचलायचं कमी केलं, मग एकदा सगळं सांगून टाकलं. मागल्या वर्षी जिथं पीक करपलं होतं तिथं या वर्षी भरघोस आलं होतं. आमचा माल जिथं जाणार होता त्या देशाने आपल्या शेतकऱ्यांसाठी आयातीवर कर वाढवला होता. त्याची ऑर्डर रद्द झाली, म्हणून आमची रद्द. आणि एवढ्यावर भागलं नाही. त्याच सुमारास दुसऱ्याच कुठून तरी स्वस्त बेदाणा आपल्या देशात उतरला, पिवळाधमक, मोठ्या दाण्याचा, आणि सांगलीच्या यार्डात आमच्या पेट्यांच्या शेजारी येऊन बसला. बाहेरचा रस्ता बंद झाला, आणि त्याच रस्त्याने बाहेरचा माल मात्र घरात आला. आम्हाला वाटलं होतं बाजार उघडला म्हणजे आपण जायचं. तो इकडंही येतो हे कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं.

शेडमध्ये बैठक भरली ती मी विसरणार नाही. कुणी म्हणालं, ही आयात-निर्यात सगळी बंदच करायला पाहिजे सरकारनं. कुणी म्हणालं, बागा काढून टाकू, ऊस लावू, कारखाना नेतो तरी. दोघं जण तर यंत्र सांगून मोकळे झाले होते, पावसाळा सरताना होणाऱ्या फळछाटणीच्या आधी वेली उपटायला. आमच्या दुष्काळी भागात ती द्राक्षं यायला दोन पिढ्यांचा घाम गेला होता, आणि आता तीच माणसं काढू म्हणत होती. पद्माक्का कोपऱ्यात उभ्या होत्या. मला वाटलं आता त्या कंपनीला शिव्या देतील.

त्या मध्ये आल्या आणि म्हणाल्या, "धुरी नको हे मी म्हणलं. तुमी न्हाई. माझं चुकलं. माल मी इकते. छाटणीच्या आत शेवटची पेटी गेली न्हाई तर बागा काढा, मी आडवी येणार न्हाई. पण तवर येक येल उपटायचा न्हाई."

कुणीतरी विचारलं, कुठं विकणार अक्का? त्या म्हणाल्या, "त्ये मला म्हाईत असतं तर आज सकाळीच इकला नसता व्हय?"

आधी आम्ही सांगलीला गेलो. लुगडं अंथरलं. मोतीशेठनी मूठ उचलली, उजेडात धरली, आणि प्रथमच काहीही न उधळता परत पेटीत ठेवली. ते उधळण्यापेक्षा वाईट होतं. म्हणाले, अक्का, चव चांगली आहे, पण हा रंग माझ्या गिऱ्हाइकाला दाखवू कसा? त्यांनी सांगितलेला दर ऐकून माझ्या डोळ्यांत पाणी आलं. पद्माक्कांनी लुगड्याची घडी घातली आणि म्हणाल्या, "चल गं औंधकरणी. ह्यांना डोळे हायत, जीभ न्हाई. जीभ असलेलं गिऱ्हाईक हुडकू."

त्यानंतर आम्ही दोघी गटाच्या टेम्पोतून नुसत्या फिरत होतो. जतवरून पुढं हद्द ओलांडली की पद्माक्का आणखी दोन बोटं उंच व्हायच्या. अथणी, विजापूर, मधली बाजारगावं. त्या दुकानात शिरायच्या, पेटी फोडायच्या नाहीत, पिशवीतला मूठभर बेदाणा वाटीत पाण्यात भिजवून समोर ठेवायच्या आणि कानडीत माहेरच्या माणसांची चौकशी करायच्या. चौकशी संपेपर्यंत दाणा फुगायचा. "नोडी," म्हणायच्या, म्हणजे बघा. पाण्यात फुगल्यावर तपकिरी काय आणि पिवळा काय, कुणाला कळतं? बेकरीवाल्यांना रंगाशी देणंघेणं नव्हतं, पावात सगळेच काळे दिसतात. औषधी आसव करणाऱ्यांना तर बिनगंधकाचाच हवा होता आणि तो मिळत नाही म्हणून ते रडत होते. बाळंतिणीला मनुका देणारी घरं होती. लाडू वळणारे आचारी होते. एकेका ठिकाणी थोडा थोडा माल जायचा. बऱ्याच ठिकाणी नाहीही म्हणाले. एका दुकानदाराने तर उठायलाही सांगितलं. पद्माक्का उठल्या, दुकानाच्या पायरीवर बसल्या आणि ऊन कलल्याचं निमित्त करून भाकरी सोडली. जेवणाऱ्या माणसाला हाकलता येत नाही. भाकरी संपेपर्यंत त्याने दोन पेट्या घेतल्या होत्या.

भर उन्हात टेम्पोत बसून माझी कंबर गेली, मी एकदा चिडून म्हणाले, आवं अक्का, तुमी एकट्यांनी हे का अंगावर घ्यायचं? वर्षभर सगळ्यांनीच फायदा खाल्ला. त्या खिडकीबाहेर बघत म्हणाल्या, "फायदा सगळ्यांनी खाल्ला, पण बेड मी म्हणलं व्हतं." मग पुढच्या गावासाठी वाटी पुसायला घेतली. 

छाटणी तोंडावर आली तेव्हा कोल्ड स्टोरेजमधली आमची जागा रिकामी झाली. दर मनासारखा नव्हता, पण बाग ठेवावी इतपत होता. यंत्राला कुणी बोलावलं नाही. ज्या दोघांनी यंत्र सांगितलं होतं त्यांनी सर्वांत आधी कात्र्यांना धार लावली.

नव्या हंगामाच्या बैठकीत सगळ्यांची अपेक्षा एकच, आता बाहेरचं नाव काढायचं नाही. पद्माक्का म्हणाल्या, निम्मं धुरीला, निम्मं तसंच. लोक चकित झाले. एवढं पोळून पुन्हा बाहेर? त्यांनी समजावून सांगितलं ते मला शब्दशः आठवतं, कारण त्यांनी ते पुढं दर वर्षी सांगितलं. "बाजार उघडला म्हणून आपल्याला घाटा झाला न्हाई. सगळा माल येका तोंडाकडं वळवला म्हणून झाला. सांगलीवाला पडला तर बाहेरचा हाय. बाहेरचा पडला तर सांगलीवाला हाय. दोनी पडले तर विजापूर हाय, ती वाट मी बगून आलीया. भाव चढंल तवा आपल्याला थोडं कमी मिळंल. मिळू दे की. पडंल तवा उभं तरी राहू."

आणि मग तो हंगाम आला ज्याची मला धास्ती होती. बाहेरचा रस्ता या वेळी बंद झालाच नाही. दर वर वर गेला. गटाबाहेरच्या ज्या शेतकऱ्यांनी सगळा माल बिनधुरीचा केला होता त्यांनी नव्या मोटरसायकली घेतल्या, आणि आमच्या निम्म्या पिवळ्या मालाला सांगलीत जेमतेम दर आला. सगळाच माल बाहेर द्या म्हणणारा संतोष इतका रागावला की तो शेडवर यायचा बंद झाला. पद्माक्का स्वतः त्याच्या घरी गेल्या. मी बरोबर होते. मला वाटलं, समजूत घालतील, पुढच्या वर्षी बघू म्हणतील. त्या ओसरीवर बसून म्हणाल्या, "यंदा तू म्हणत व्हतास तसं झालं रं. तुझं खरं. फुडच्या वर्षी पण निम्मंच."  खरं ठरल्यावरही हरलेला माणूस मी तेव्हाच पाहिला. पण तो दुसऱ्या दिवशी शेडवर आला.

असे काही हंगाम गेले. कधी बाहेर बरं, कधी आत बरं. आमच्या गावात कुणाची एकदम भरभराट झाली नाही, आणि कुणी बागही काढली नाही. बाहेरून येणाऱ्या मालाबद्दल मोर्चे निघाले तेव्हा पद्माक्का पुढं होत्या. सरकारनं कर लावायचा तर वेळेवर लावावा, आमचा माल विकून झाल्यावर नव्हे, असं त्यांनी साहेबांच्या टेबलासमोर उभं राहून सांगितलं, साहेबांनी बसा म्हटलं तरी बसल्या नाहीत. पण मोर्च्याहून येताना मला म्हणाल्या, "सरकार करंल तवा करंल. धुरी आपल्या हातात हाय."

गेल्या हंगामात त्या पडल्या. मिरजेला दवाखान्यात ठेवलं होतं. मी भेटायला गेले तर त्यांनी तब्येतीचं काहीच सांगितलं नाही. माल रॅकवर किती वाळला ते विचारलं, आणि बाहेरून विचारणा आहे का ते विचारलं. मी सांगितलं, आहे, मोठी आहे, दर चांगला आहे, संतोष आणि बाकीचे या वेळी सगळाच माल द्यायचा म्हणतात. त्यांनी डोळे मिटले. मला वाटलं झोप लागली. खिडकीतलं ऊन भिंतीवर चढलं होतं. त्या डोळे न उघडता म्हणाल्या, "दिवस मावळायला आला का गं?" मी म्हटलं, आला. "मग मला पेज दे." मी चमच्याने पेज भरवली. दोन चमचे घेतले आणि तोंड फिरवलं. "साकु," म्हणाल्या. पुरे. त्यानंतर त्यांचं बोलणं मी ऐकलं नाही. दोन दिवसांनी त्या गेल्या.

माल थांबत नसतो. रॅकवरचा बेदाणा वाळून झाला होता, आभाळ रोज दुपारी भरून यायचं, आणि एक सर आत आली असती तर वर्ष बुडालं असतं. त्यांचे दिवस झाल्यावर लगेच शेडमध्ये बैठक घ्यावी लागली. मधोमध बेदाण्याचा मोठा ढीग होता, जाळीवरून उतरवलेला. संतोषने दर वाचून दाखवला. खरोखर चांगला दर होता.  मी चिटणीस म्हणून उभी राहिले, पण माझ्या तोंडून बेड निघेना. बेड म्हणायला पद्माक्कांचं तोंड लागतं.

तेवढ्यात आप्पा उठले. त्यांच्या काखेत पिशवी होती. पिशवीतून त्यांनी ते जांभळं लुगडं काढलं, दोनदा झटकलं, आणि ढिगाच्या शेजारी जमिनीवर अंथरलं. मग लाकडी फावडं घेऊन ते ढिगातला बेदाणा लुगड्यावर ओढू लागले.  ओढत राहिले. म्हातारा माणूस, मध्येच दम लागायचा, फावड्यावर हात टेकून थांबायचे, पुन्हा ओढायचे. शेवटी थांबले आणि लुगड्यावरच्या ढिगाकडे हात करून म्हणाले, "ह्ये धुरीला."

आप्पांचे दोन शब्द मी गावात आल्यापासून एका बैठकीत पहिल्यांदाच ऐकले.  मी संतोषकडं बघत होते. हातातला मोबाइल त्याने खिशात ठेवला. तो दोन्ही ढिगांच्या मध्ये जाऊन उभा राहिला, इकडं बघितलं, तिकडं बघितलं. मग कोपऱ्यातली पाटी उचलली.

"आप्पा," तो म्हणाला, "हिकडं जरा कमी पडलंय." आणि बाहेर जायच्या ढिगातला बेदाणा पाटीत भरून तो लुगड्यावर टाकू लागला, दोन्ही सारखे होईपर्यंत.